शाळा सोडल्याचं कारण

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मी एक लेख लिहिला. विषय होता बडोद्यातल्या आमच्या पेठेतली मराठी शाळा. मी तिथं सातवीपर्यंत शिकले आणि आता ती बंद पडण्याच्या बेतात आहे. लेखात काय नव्हतं! पितळी घंटा होती, पावसाळ्यात गळणारी पडवी होती, कवितांना स्वतः चाली लावणाऱ्या बाई होत्या, आणि शेवटी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एकटीच बसून पाढे म्हणणारी एक मुलगी होती. ती मुलगी मी खरोखरच पाहिली होती, मनातून काढलेली नव्हती. लेख छापून आला आणि फोन सुरू झाले. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, पार अमेरिकेत स्थायिक झालेले वर्गमित्र, सगळ्यांचं एकच म्हणणं, वाचून रडू आलं. पानाचे फोटो ग्रुपवर फिरले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या पटावर नवं नाव एकही नव्हतं.

फोन आला नाही तो फक्त आमच्या बाईंचा. त्यांनी मला चौथीत शिकवलं, आणि निवृत्त होईपर्यंत शाळेचं दप्तरही त्याच सांभाळत. एक दिवस त्यांनी निरोप धाडला, घरी येऊन जा. चहा झाल्यावर म्हणाल्या, "लेख छान उतरलाय गं. पण मुलं गेली कुठं, ते कुणाला विचारलंस का?"

मी म्हटलं, "बाई, इंग्रजीकडं गेली. सगळीकडं तेच चाललंय."

"आणि ती पाढे म्हणणारी मुलगी? ती एकटी का बसली होती?"

मला सांगता आलं नाही.

बाईंनी कपाटातून एक शंभरपानी वही काढली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, ज्याला बडोद्यात आम्ही सगळे एलसीच म्हणतो, एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात वर्षानुवर्षं एकच उत्तर भरलं जायचं, 'पालकांच्या इच्छेनुसार'. बाईही तेच भरायच्या, कारण रकाना एवढासा आणि दारात पालक घाईत उभे. पण दाखला हातात देताना त्या दोन शब्द बोलायच्या, आणि जे कळेल ते घरी येऊन या वहीत पेन्सिलनं टिपून ठेवायच्या. ती वही मी त्या दुपारी वाचली. वाडा विकला, वाघोडिया रोडला फ्लॅट घेतला. मोठा भाऊ दुसऱ्या शाळेत, दोघांना मिळून एकच रिक्षा परवडते. वडिलांची मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यातली पाळी बदलली, सकाळी सोडायला कुणी नाही. पुढच्या इयत्ता मराठीतून जवळ कुठं नाहीत, मग आत्ताच बदललेलं बरं. पुन्हा रिक्षा. पुन्हा वाडा विकला. 'इंग्रजी पाहिजे' असंही लिहिलेलं होतं, बऱ्याच ठिकाणी होतं, पण मी लेखात गृहीत धरलं होतं तितकं नव्हतं.

माझा लेख खोटा नव्हता, पण त्यातलं दुःख मी चुकीच्या घरी नेऊन पोचवलं होतं. ज्या बापाला सकाळी सातला मकरपुऱ्यात हजेरी लावायची आहे, त्याला मी मातृभाषेची माया शिकवत होते. तो काय करणार? वाचून त्याला वाईट वाटलं, थोडी लाजही वाटली असेल, आणि लाज वाटलेला माणूस पुढं येत नाही, तो विषय टाळतो. ज्यांच्या हातात पुढचे वर्ग सुरू करणं किंवा एखादी व्हॅन लावणं होतं, त्यांना माझ्या लेखानं काहीच विचारलं नव्हतं. शिवाय सरकारी कागद तरी कुठं खरा होता? रजिस्टर उघडून मी आकडे मांडले असते, तर शेकडा शंभर मुलं 'पालकांच्या इच्छेनुसार' गेली, असा बिनचूक पुरावा मिळाला असता.

सामाजिक प्रश्नावर लिहिणाऱ्यानं भावनेला हात घालावा की आकडे मांडावेत, हा वाद आपल्याकडं नेहमी होतो. मला तो वाद चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. भावनेला हात घालावाच. माणूस पोटातून हलल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. पण ज्या घरातून रडू आणलं, पुरावाही त्याच घरात जाऊन शोधला पाहिजे. एका घरचं दुःख घ्यायचं आणि त्याला भलत्याच ठिकाणचं कारण जोडून द्यायचं, ही लिहिणाऱ्याची सगळ्यात मोठी फसवणूक आहे, मग ती नकळत झालेली का असेना. मी नकळतच केली होती.

माणूस आकड्यानं हलत नाही, हे आता नुसतं अनुभवाचं बोलणं राहिलेलं नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, त्याचे पाच डॉलर हातात दिले, आणि त्यातले हवे तितके आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी द्या म्हणून सांगितलं. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिगत दिली. काहींना लाखो उपाशी माणसांची आकडेवारी दिली. रोकियाची हकिगत वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचलेल्यांनी १.१४. इथवर कुणाला नवल वाटणार नाही. तिसऱ्या गटाला मात्र दोन्ही दिलं होतं, रोकियाही आणि आकडेही. त्यांनी दिले १.४३. म्हणजे मुलीच्या शेजारी आकडे ठेवल्यावर मुलीसाठी मोकळी झालेली मूठ पुन्हा आवळली गेली.

या प्रयोगातून प्रचाराच्या धंद्यातली माणसं सरळ अर्थ काढतात, आकडे टाळा, एक चेहरा दाखवा. मी तो अर्थ काढत नाही. तिथं मागितलं काय होतं? खिशातले चार पैसे. दान द्यायला कळवळा पुरतो. पण पूल दुरुस्त करायचा असेल, कायदा करायचा असेल, शाळेला वर्ग जोडून घ्यायचे असतील, तर कुणाची तरी सही लागते, आणि कळवळ्यावर सही होत नाही. सही करणाऱ्यासमोर तारीख, पत्र, मोजमाप ठेवावं लागतं. ते नसेल तर तोही आपल्याबरोबर डोळे पुसतो आणि गाडीत बसून निघून जातो.

आमच्या बडोद्यानं हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ३१ जुलै २०१९ ला इथं एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. त्या पुरातला एक फोटो देशभर गेला. छातीच्या वर आलेलं पाणी, त्यातून चालणारा पोलीस अधिकारी, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचं टब आणि टबात दीड महिन्याचं बाळ. कृष्णाला घेऊन यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवाची आठवण सगळ्यांना एकदमच झाली. मलाही झाली, मीही तो फोटो पुढं पाठवला. त्या अधिकाऱ्याला माझा आजही नमस्कार आहे. पण तो फोटो पाहून 'त्या बाळाच्या घरात एवढं पाणी आलंच कसं' हे मी कुणाला विचारलं नाही, आणि माझ्या ओळखीतल्या कुणी विचारल्याचं आठवत नाही. विश्वामित्री नदीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, भरून जमिनी सपाट होत होत्या. भूखी, रुपारेल या आमच्या जुन्या कांसांमधून, म्हणजे नाल्यांमधून, पूर्वी गावाचं पावसाचं पाणी वाहून जायचं, त्या अरुंद होत गेल्या, कुठं झाकल्या गेल्या. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढंच. २०२४ च्या ऑगस्टअखेर नदी पुन्हा पस्तीस फुटांच्या वर चढली. त्या वेळी घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचं चित्र देशभर पोचलं. शिवाय २०१९ चे व्हिडिओ आजचे म्हणून माझ्या फोनवर आले, आणि ते पाहून घाबरलेल्या एका मावशींना मला समजावत बसावं लागलं.

त्याहून जिव्हारी लागलेली गोष्ट ९ जुलै २०२५ ची. पादरा तालुक्याला आणंदकडच्या बाजूशी जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल मधोमध तुटला आणि चालती वाहनं खाली गेली. किमान वीस माणसं गेली. नदीच्या पाण्यात उभं राहून मुलासाठी टाहो फोडणाऱ्या एका आईचा व्हिडिओ त्या दिवशी प्रत्येकानं पाहिला. मी तो पूर्ण पाहू शकले नाही. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट बातम्यांत आली होती. जिल्हा पंचायतीच्या एका सदस्यानं २०२२ मध्येच या पुलाच्या अवस्थेबद्दल लेखी कळवलं होतं. चाळीस वर्षांचा पूल, तीन वर्षं आधीचं पत्र. मला कुणी विचारलं, की या घटनेवर लिहिताना त्या आईपासून सुरुवात करू की त्या पत्रापासून, तर मी सांगेन, आईपासून कर, पण पत्रावर पोचल्याशिवाय लेख संपवू नकोस. त्या आईच्या आक्रोशावर थांबलेला लेख वाचून मन हलकं होतं. इतकी माणसं गेल्यावर वाचणाऱ्याचं मन हलकं होऊन चालणार नाही.

भावना आणि पुरावा एकाच घरातून कसे आणावेत, हे शिकायला मला बडोद्याच्या बाहेर जावं लागत नाही. कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, संकल्पभूमीपाशी दरवर्षी २३ सप्टेंबरला लोक जमतात. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हाची ती जागा. त्या दिवसांची हकिगत त्यांनी स्वतः पुढं लिहून ठेवली आहे, आणि ती मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. अस्पृश्याला खोली मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. वहीत नोंद पारशी नावानं करायची, असं तिथल्या माणसाशी ठरलं. वरच्या मजल्यावर ते एकटेच. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले आणि त्यांना जागा सोडायला सांगितली. मग ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

लिहिण्याची रीत बघा. मित्र दोन, आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी. दिवस अकरा, तास पाच. आपण रडलो, हे त्यांनी लिहिलंय, पण अगदी थोडक्यात, आणि ते वाक्य येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळी मोजदाद मिळालेली असते. आणि शेवटी येतो तो निष्कर्ष, की हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशालाही अस्पृश्यच, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. या निष्कर्षाला आधार म्हणून त्यांनी बाहेरून काहीही आणलेलं नाही, त्या अकरा दिवसांतच सगळा पुरावा आहे. वाचणाऱ्याला रडू येतं ते त्या मोजदादीमुळं. 'अमानुष', 'काळिमा' असे शब्द तिथं ओतले असते, तर वाचणाऱ्यानं मान हलवून पान उलटलं असतं. दोन मित्रांची उत्तरं वाचल्यावर मात्र प्रत्येकाला स्वतःला विचारावं लागतं, त्या दिवशी माझं दार वाजलं असतं तर?

आम्हा बडोदेकर मराठी माणसांना ही हकिगत आणखी एका कारणानं सोसवत नाही. सयाजीराव महाराज आमचा अभिमान आहेत, आणि तो अभिमान पोकळ नाही. १८९३ ला अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ ला तो सगळ्या संस्थानात नेला. १९०४ ला बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच संस्थानानं. आणि याच संस्थानाच्या राजधानीत, इतक्या शिकलेल्या माणसाला, अकरा दिवसांत बाहेर काढलं गेलं. महाराजांवर लिहिताना आमच्यातले कितीतरी जण शिष्यवृत्ती लिहितात आणि धर्मशाळा गाळतात. गाळू नये. आपल्या मायेला अडचणीत टाकणारा पुरावा ज्या लेखात नाही, तो लेख कितीही गहिवरून लिहिलेला असो, मी त्यावर विसंबून राहत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरं केलेलं शेतकऱ्यांवरचं पुस्तक याच बडोद्यात महाराजांना वाचून दाखवलं होतं, हे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत नोंदवलंय. महाराजांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि पैशाची मदतही केली. गावोगावी शेतकऱ्यांपुढं त्यांनी ते वाचलं होतंच, पण ज्याच्या सहीनं काही बदलू शकतं, त्याच्यापुढंही जाऊन वाचलं. आणि वाचलं काय? शेतकऱ्याच्या घराचं इतकं बारीक वर्णन, की ओसरीपासून आतपर्यंत वस्तूंची यादी व्हावी. त्याबरोबर शिपायावर होणारा खर्च आणि शेतकऱ्याच्या कुटुंबातल्या माणसामागं पडणारा पैसा, यांचा हिशेब. संताप तर ओळीओळीत आहे. त्यांनी संताप आणि हिशेब वेगळे ठेवले नाहीत, म्हणून आज वाचताना दोन्ही जिवंत वाटतात.

याच्या उलट बाजूची गोष्ट नामदार गोखल्यांची. १९११ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. मागणी किती साधी होती! स्थानिक संस्थांना हवं असेल तिथं सरकारच्या परवानगीनं सक्ती लागू करू द्या, तीही टप्प्याटप्प्यानं. त्यांच्या हातात आकडे होते, देशोदेशीचे दाखले होते, आणि आपल्या बडोद्याचा दाखला होता, की हिंदुस्थानातच एक संस्थान हे करून दाखवतंय. १९ मार्च १९१२ ला विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशाला मिळाला तो २००९ मध्ये. गोखल्यांचा पुरावा कच्चा होता असं कुणी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पोरांचा हा प्रश्न होता ती माणसं त्या सभागृहात नव्हती, आणि बाहेर त्यांच्यापर्यंत तो विषय कळवळ्यानं कुणी नेलेला नव्हता. सरकारी सभासद निर्धास्तपणे हात वर करू शकले, कारण त्या मताचा जाब विचारायला कुणी पेटून उठणार नव्हतं. 'भावना बाजूला ठेवा, फक्त तथ्यांवर बोला' असं शहाणपण शिकवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तेरा.

आकडाही खोटं बोलतोच. 'दुप्पट वाढ' म्हणणाऱ्याला आधी किती होते ते विचारावं, 'शेकडा इतके' म्हणणाऱ्याला किती जणांतले ते विचारावं. हे आता शाळकरी मुलांनाही शिकवतात, त्यावर फार बोलत नाही. मला जास्त काळजी वाटते ती 'पालकांच्या इच्छेनुसार' छापाच्या पुराव्याची. त्यात बेरीज चुकलेली नसते, सही-शिक्का असतो, आणि खरं कारण कुणाच्या तरी घरी पेन्सिलनं लिहिलेल्या वहीत पडून असतं. ते आणायला लिहिणाऱ्याला उठून दारोदार जावं लागतं. घरी बसून गहिवरून लिहिणं त्यापेक्षा सोपं आहे. मी ते केलंय, म्हणून सांगते.

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मी तोच लेख नव्यानं लिहायला घेतलाय. घंटा ठेवली आहे, पडवी ठेवली आहे. बाईंच्या वहीतली कारणं, कुणाचं नाव येऊ न देता, इयत्तेप्रमाणे मांडली आहेत. 'इंग्रजी पाहिजे' म्हणणारेही गाळलेले नाहीत. लेखाच्या शेवटी मंडळासाठी आणि शाळा चालवणाऱ्यांसाठी दोन मागण्या आहेत, वाघोडिया रोड आणि मांजलपूरकडून सकाळी एक व्हॅन, आणि सातवीनंतर या मुलांनी कुठं जायचं याचं लेखी उत्तर.

एका परिच्छेदाशी मात्र मी अडले होते. ती पाढे म्हणणारी मुलगी ठेवावी की काढावी? शेवटी गेल्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी जाऊन उभी राहिले. सगळी मुलं पांगली, शिपायानं खिडक्या लावून घेतल्या, आणि ती त्याच वर्गात, त्याच बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "बाळा, घरी नाही जायचं?"

"रिक्षा येईल ना," ती म्हणाली. "आधी दादाला घेते त्याच्या शाळेतून. मग मला."

"किती वेळ लागतो?"

तिनं थोडा विचार केला. "सतराचा पाढा होतो," ती म्हणाली. "कधी कधी अठराचा."